चार-दहा की तीन-तेवीस

फोन आला तेव्हा ती कापडावर खडूने बाहीचा गोलवा आखत होती. तयार कपड्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कटिंगच्या टेबलाशी उभी राहिलेली बाई. हाताखालच्या बाया तिला मास्तरीण म्हणत.

"साहेब आहेत का?" पलीकडून एक जाडसर आवाज आला. "त्यांचा फोन लागतच नाही. म्हणून कार्डावरच्या खालच्या नंबरला केला."

"कोण बोलतंय?"

"गिअरवाला. लोक दातवाला म्हणतात. त्यांचा मागचा अ‍ॅक्सल माझ्याकडे पडलाय. कुठले दात बसवायचे ते मंगळवारी सांगतो म्हणाले, ते गेले ते गेलेच. चार महिने झाले हो."

तिने खडू खाली ठेवला. "ते वारले," ती म्हणाली. "त्या मंगळवारच्या आदल्याच दिवशी."

पलीकडे ग्राइंडरची घरघर चालू होती. त्याने ती बंद केली. "मला कुणी सांगितलंच नाही," तो माणूस म्हणाला. कुणी सांगणार तरी कसं? तो आहे हेच तिला माहीत नव्हतं.

घरामागच्या शेडमध्ये गाडी होती. दोन दारांची, जुन्या बांधणीची, पण नवऱ्याने सात वर्षं खपून तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन चढवलं होतं. मागची चाकं काढलेली, गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवलेली. जेवताना तो गाडीबद्दलच बोलायचा. चार-दहा घालू की तीन-तेवीस? चार-दहा घातलं तर सिग्नलवरून अशी सुटेल बघ! पण मग हायवेला कान किटतील. मास्तरीण भाजी वाढत "हं" म्हणायची. महिनाभर रोज तो मत बदलत होता आणि महिनाभर रोज ती "हं" म्हणत होती. आता तेच आकडे तिला आठवत होते, पण त्यांच्या पुढेमागे तो काय बोलला होता ते काही केल्या आठवेना.

रविवारी धाकटा दीर आला. शेडमध्ये डोकावून म्हणाला, "वहिनी, ही गाडी मी कुणाला तरी देऊन टाकतो. तुमच्या डोक्याचा ताप जाईल."

"आधी तिला चाकं तर लागू देत," ती म्हणाली.

"लागून काय करणार? तुम्ही चालवणार आहात?"

तिने चहाचं आधण ठेवलं. दीर चहा पिऊन गेला. दार लावून घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं, आख्ख्या रविवारात आपण एवढं एकच वाक्य बोललो.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती दातवाल्याच्या दुकानात गेली. साठीचा, ठेंगणा माणूस. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे नावाची गंमत कुणालाही सांगावी लागत नसे. अ‍ॅक्सल फळीवर होता, वर स्वच्छ फडकं टाकलेलं. शेजारी दोन खोके.

"काका, मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण समजावलंत तर कळेल."

त्याने दोन्ही खोके उघडले. "हे मोठं चाक म्हणजे क्राऊन, हा लहानगा पिनियन. या खोक्यात मोठ्याला एक्केचाळीस दात, लहान्याला दहा. म्हणजे पिनियन चार वेळा आणि वर थोडा फिरला की गाडीचं चाक एकदा फिरणार. ते चार-दहा. दुसऱ्या खोक्यातलं तीन-तेवीस. आकडा मोठा तर उडी मोठी. पण शंभरच्या वेगाला इंजिन तेहतीसशे फेरे मारत बोंबलत राहणार. तीन-तेवीसला सव्वीसशेच. शांत, पण उठायला आळशी."

"यांना कुठलं हवं होतं?"

"सकाळी एक, संध्याकाळी दुसरं." तो हसला. खणातून त्याने एक वही काढली. "ही इथेच राहिली. तुमचीच आहे."

वही तिने बसथांब्यावर उघडली. नवऱ्याचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. टायरचा घेर, प्रत्येक गिअरचा वेग, फेरे. ती पानांमागून पानं उलटत राहिली. काय शोधतेय हे स्वतःलाही कबूल करायला तिला लाज वाटत होती. कुठेतरी आपला उल्लेख असेल, हायवेचा आवाज हिला सोसवणार नाही असं काहीतरी, म्हणून तर तीन-तेवीसचा विचार. शेवटून तिसऱ्या पानावर वजनाचा हिशेब होता. ड्रायव्हर चौऱ्याहत्तर किलो. त्याखाली लिहिलं होतं, शेजारची सीट काढली तर एकोणीस किलो कमी.

बस आली आणि गेली. ती तेच पान पुन्हा वाचत बसली. राग म्हणावा तर रागही येईना. माणूस वाईट नव्हता, प्रेमळ होता. फक्त त्या गाडीत तो एकटाच बसला होता, सातही वर्षं. आणि "हं" म्हणून तिनेच तर त्याला तिथे एकटं बसू दिलं होतं.

आठवडाभर वही उशाशी होती. मग एका सकाळी तिने कोरं पान काढलं आणि सगळी आकडेमोड पुन्हा केली. ड्रायव्हर अठ्ठावन्न किलो. सीट जागच्या जागी.

"गाडी नेणार कुठे?" तिचं पान बघून दातवाल्याने विचारलं. "खरं सांगा हं ताई. लोक इथे शर्यतीचं बोलतात आणि गाडी किराणा आणायला नेतात."

कुणाच्या अंगावर चढणार हे कळल्याशिवाय तीही कधी कापडाला कात्री लावत नसे. तिला प्रश्न आवडला. तिने नीट विचार केला. "तळ्याकडे. वीस किलोमीटर सपाट, मग वळणांचा चढ. सुट्टीच्या दिवशी जाऊन यायचं."

"कोण कोण?"

"मीच."

त्याने मान हलवली. "मग दोन्ही खोके बाजूला ठेवा. मधलं एक येतं, तीन-त्र्याहत्तर. ना धड इकडचं ना तिकडचं म्हणून कुणी मागत नाही. शंभरला तीन हजार फेरे. चढावर मात्र गाडी कधी अडखळणार नाही."

"तेच घाला," ती म्हणाली.

दात बसवताना त्याने तिला मुद्दाम बोलावलं. क्राऊनच्या दातांना पिवळा रंग फासून त्याने चाक फिरवलं. जिथे दाताला दात घासला तिथला रंग पुसून ठसा उठला. ठसा कडेला होता. त्याने कागदासारखी पातळ चकती काढून दुसरी घातली. पाचव्या खेपेला ठसा नेमका मधोमध आला आणि मास्तरणीच्या तोंडून आपसूक "बसलं!" निघालं. किती महिन्यांनी ती अशी मोठ्याने बोलली होती.

अ‍ॅक्सल शेडमध्ये आणून त्याने गाडीला चढवला, चाकं लावली. नवे दात मुरेपर्यंत, पुढचे आठशे किलोमीटर, तिने गाडी त्याने सांगितल्याप्रमाणे सांभाळून चालवली. तळ्याकडच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरात हुंकार देत सरसर वर जायची. वर पोचल्यावर ती इंजिन बंद करायची आणि मग सगळंच बंद व्हायचं. थर्मासमधला चहा पिऊन ती परत फिरायची.

तेल बदलल्यावर दातवाला म्हणाला, "मागे बसून एकदा ऐकतो. दात रडत असले तर कळेल."

तो मागच्या सीटवर अंग चोरून बसला, डोळे मिटून. वीस मिनिटं दोघं एक शब्द बोलले नाहीत, बोलायचंच नव्हतं. पण आरशात कुणाचं तरी डोकं दिसत होतं. मास्तरीण इतक्या जपून गिअर टाकत होती, जणू मागे तान्हं मूल झोपलंय.

दुकानापाशी तो म्हणाला, "झकास. काही आवाज नाही."

"साठला थोडं काहीतरी येतं बहुतेक," ती म्हणाली. "गुणगुणल्यासारखं."

काही येत नव्हतं. ते तिला माहीत होतं, आणि ज्याचं आयुष्य दातांचे आवाज ऐकण्यात गेलं त्याला तर नक्कीच. त्याने दुकानाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"मग एक फेरी अजून मारू," तो म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

या खेपेला ती लांबच्या रस्त्याने गेली. साठ, सत्तर, पुन्हा साठ. परतल्यावर तो उतरला, गुडघे चोळले, म्हणाला, "नाही ताई. खरंच काही नाही."

"बरं झालं," ती म्हणाली.

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो गेला. तिने पहिला गिअर टाकला आणि रस्ता मोकळा होईपर्यंत थांबली.