नीरजाचा ट्रॅकबॉल

हे लिहायचंच नाही असं शिवमनं जवळजवळ ठरवलं होतं. दोनदा मोबाइलवर लिहायला घेतलं, दोनदा पुसून टाकलं. वाचणारा म्हणेल, उन्हानं पोराचं डोकं फिरलं. शेवटी नीरजाच म्हणाली, "लिही. नाहीतर दोन वर्षांनी आपलाच आपल्यावर विश्वास बसायचा नाही."

तर झालं असं.

दोन हजार चोवीसचा मे. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला. गावाहून, पिशोरहून, आईचा फोन यायचा तो विहिरीच्या तळाची खबर घेऊन. इकडं संभाजीनगर मात्र वाढतच चाललेलं. सातारा परिसर, देवळाई, जिकडं बघावं तिकडं चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट. पाणी कुठून येणार हे कुणी विचारत नव्हतं, पण ब्रोशरवर कारंजं पाहिजे म्हणजे पाहिजे. ती कारंजी शिवम काढायचा.

टीव्ही सेंटर चौकात बद्रीनाथभाऊंचं फ्लेक्सचं दुकान होतं, तिथं तो सहा वर्षं डिझायनर. कुठला कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही, व्हिडिओ बघून बघून शिकलेला. वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, प्लॉटचे लेआउट. सकाळी माउसवर हात ठेवला की उठेपर्यंत तिथंच.

मार्चपासून त्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. आधी चहाचा ग्लास सुटला. मग एक दिवस गाडीची किल्ली फिरेना. डॉक्टरांनी मनगट दाबून बघितलं आणि म्हणाले, नस दबलीय. माउस सोड, नाहीतर अंगठ्याखालचं मांस वाळत जाईल.

बद्रीभाऊ माणूस वाईट नाही. पण स्पष्ट बोलला. "शिवम, जूनपर्यंत वाट बघतो. हात चालला तर खुर्ची तुझी. नाय चालला तर मला दुसरा माणूस बघावा लागंल. राग मानू नको."

म्हणजे सगळा मामला एका हाताचा होता. शिवमला दुसरं काही येत नव्हतं, आणि गावाकडं जाऊन कोरड्या रानात करायचं तरी काय?

कुणीतरी म्हणालं, ट्रॅकबॉल घे. माउस टेबलभर पळतो, हा जागेवर बसतो. वर एक गोळा असतो, तो बोटांनी फिरवायचा, मनगट हलवायचंच नाही. शिवम निराला बाजारातल्या एका दुकानात गेला. दुकानदारानं खोक्यातनं एक काढून समोर ठेवला.

"भाई, ये अंगूठेवाला लो. सब वकील लोगां येईच ले जारे."

"वकील लोगां डिझाइन करते क्या?"

"नै, पन हात तो उनका बी दुखताच ना."

अंगठ्याचा गोळा दहा मिनिटं फिरवला, तर दुखणं मनगटातून निघून अंगठ्यात आलं. दुसऱ्याचा गोळा मधोमध होता, पण बूड एवढं उंच की पंजा ट्रॅफिक पोलिसासारखा वर वाकून राहायचा. तिसरा इतका लहान की बोटं लोंबकळायची. चौथा मागितला तेव्हा दुकानदारानं खोकीच आवरायला घेतली. "तुमकू ये नै होना. तुमकू आराम होना. वो हमारे पास नै मिलता."

बाहेर रस्त्यावर येऊन त्यानं नीरजाला फोन लावला.

नीरजा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर पाच वर्षं बसलेली. दुकानात तिला ट्रॅकबॉलवाली मॅडम म्हणायचे. वक्ररेषा काढावी तर तिनंच. बाकीचे दहा बिंदू टाकून जे वळण काढायचे ते ती तीन बिंदूंत काढायची. गेल्या सप्टेंबरात तिचाही हात गेला, शिवमसारखाच, पण तिनं वेळेवर ऐकलं नाही. आता ती सातारा परिसरात आईबरोबर राहायची, घरी बसून. उजव्या हातानं तिला साधी सही करता येत नव्हती.

"घेऊन जा की," ती म्हणाली. "कपाटात धूळ खातोय. माझ्या काय कामाचा?"

तो संध्याकाळी गेला. दोन जिने चढून. तिनं ट्रॅकबॉल स्वतः त्याच्या हातात दिला. मोठा, मरून रंगाचा गोळा, खाली काळं बूड. नीरजाचा हात शिवमच्या निम्म्यानं. खरं तर तो त्याला बसायलाच नको होता. पण त्यानं पंजा ठेवला आणि पाचही बोटं आपापल्या जागी जाऊन बसली, जशी झोपलेल्या माणसाची बसतात.

"आई गं," तो म्हणाला.

"दुखलं?"

"नाय. तेच तर."

चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, आपण सकाळपासून बाम लावला नाही. आठवड्यानं बोटांतल्या मुंग्या गेल्या. बद्रीभाऊनं खुर्चीमागं उभं राहून एक लग्नपत्रिका बघितली. वेल होती, कडेनं फिरलेली.

"हे नीरजाबाईनं केलं का रे?"

"मीच केलं भाऊ."

"वळण तिचं हाय."

शिवमनं वेल मोठी करून बघितली. तीन बिंदू. दर वळणाला तीनच. त्याला असं कधीच जमलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं कुणाला सांगितली नाही. जेवून परत आलं की गोळा कोमट लागायचा. मे महिन्यात सगळंच तापतं, पण तसं नाही. बसमध्ये आपल्या आधी कुणी उठून गेलेलं असतं, त्या सीटसारखं कोमट.

पुढच्या मंगळवारी दुपारी नीरजाचा फोन आला.

"आज साडेअकराला काय करत होतास?"

"काम. का गं?"

"बाई होती ना? वयस्कर. हनुवटीवर तीळ."

होती. श्रद्धांजलीचा फलक होता, गंगापूरचं गिऱ्हाईक.

"तू तो तीळ काढलास," नीरजा म्हणाली. "मग परत लावलास."

लावला होता. आधी सवयीनं पुसला, सगळ्यांचेच पुसतात. मग वाटलं, पोरगा आईला ओळखणार कसा? म्हणून परत आणला. दुकानात कुणालाही माहीत नव्हतं. स्क्रीनवर येऊन गेलेलं अर्ध्या मिनिटाचं काम.

"तुला कुणी सांगितलं?"

"हातानं," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. तू काम करतोस तेव्हा माझी बोटं चालतात. आधी वाटलं, झटके येतायत. आज पिठाच्या परातीत हात होता. पिठात चेहरा आला, शिवम."

शिवम हसला. हसण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून हसला. मग म्हणाला, "कागद घे. पेन्सिल हातात धर. मी काहीतरी लिहितो."

त्यानं फोन बाजूला ठेवला आणि गोळा फिरवून रिकाम्या पानावर आपल्या गावाचं नाव लिहिलं. मिनिटभरानं मोबाइलवर फोटो आला. वहीचं पान, त्यावर पेन्सिलीनं 'पिशोर'. अक्षर नीरजाचं नव्हतं. शिवमचं होतं, शाळेपासून मोडका राहिलेला 'श' धरून.

दुकानात पंखा फिरत होता. प्रिंटिंगचं मशीन करकरत कुणाचा तरी वाढदिवस छापत होतं. शिवमनं गोळ्यावरचा हात उचलला आणि मांडीवर पुसला.

खरं सांगायचं तर त्यानं तो ट्रॅकबॉल त्याच दिवशी परत द्यायला पाहिजे होता. नीरजाला तसं म्हणालाही. पण ती म्हणाली, "तुझा हात चाललाय ना? मग चालू दे. माझा नाहीतरी पडूनच असतो. फक्त सुरू करायच्या आधी मेसेज टाकत जा, म्हणजे मी बसून घेईन." आणि शिवमनं ते लगेच मान्य केलं. लगेच. कारण हात दुखत नव्हता. याची त्याला आजही लाज वाटते.

शुक्रवारपर्यंत मेसेज टाकला. शनिवारी सकाळी बद्रीभाऊ घाईत आला. बिल्डर गाडीत बसून होता. बारा प्लॉटची एक रांग, मधून रस्ता, कोपऱ्यात ओपन स्पेस, कारंजं नंतर, आधी रेघा मार. शिवमनं मेसेज न टाकताच रेघा मारायला घेतल्या. अर्ध्यात फोन वाजला, नीरजाचा. भाऊ खांद्यावर वाकलेला. शिवमनं फोन कट केला आणि रांग पुरी केली.

तासाभरानं यमुनाबाईंचा फोन आला. नीरजाची आई.

"शिवम, तू येतोस का रे? नीरजा पडली जिन्यात. टँकर आज लवकर आला ना. कळशी घेऊन वर येत होती."

तो पोचला तोवर शेजारचे तिला दवाखान्यात नेऊन परत घेऊन आले होते. कपाळाला दोन टाके, घोटा सुजून टम्म. यमुनाबाई दारातच भेटल्या. त्यांनी त्याला आत घेतलं नाही, हाताला धरून आधी जिन्याकडं नेलं.

"उजव्या हातानं कठडा धरला होता तिनं. तो हात आपोआप सुटला. मी खाली होते, मी बघितलं ना. आणि पडल्यावरही थांबेना रे. कपाळातनं रक्त येतंय, मी तिला हाका मारतेय, आणि हिचं बोट आपलं फिरतंय. ओल्या पायरीवर. चौकोन, चौकोन, चौकोन."

"काकू, पाणी तर वाळलं असंल आता."

"तेच म्हणते. बघ तू."

बेचाळीस डिग्रीचं ऊन जिन्याच्या जाळीतून थेट आत येत होतं. कळशीभर पाणी सांडलेलं, पण पायऱ्या ठणठणीत कोरड्या. फक्त सातव्या पायरीवर ओल्या रेघा होत्या. शिवम खाली बसला. बारा चौकोन, मधून रस्ता, कोपऱ्यात मोकळी जागा. त्यानं एका रेघेला बोट लावून बघितलं. बोटाला पाणी लागलं. रेघ काही पुसली नाही.

तो तसाच खाली गेला, गाडीच्या डिकीतून ट्रॅकबॉल काढला आणि वर आला. निघताना त्यानं तो दुकानातून उचलूनच आणला होता. नीरजा खाटेवर पाय लांब करून बसली होती. त्यानं ट्रॅकबॉल तिच्या मांडीवर ठेवला.

"घे बाई. चुकलं माझं. फोन कट केला मी."

"माहीत आहे. पडल्या पडल्या डाव्या हातानं लावला होता. वाजला आणि बंद झाला." ती रागावली नव्हती, दमली होती. "आता तू काय करणार?"

"डाव्या हातानं शिकतो. लोकं शिकत्यात."

नीरजानं नुसताच हात गोळ्यावर ठेवला. जुनी सवय. मग तिचा चेहरा बदलला. "आई, लॅपटॉप दे जरा."

यमुनाबाईंनी लॅपटॉप दिला. नीरजानं वायर जोडली. गोळा फिरला. स्क्रीनवर एक रेघ निघाली, देठापासून वर गेली, वळली, टोकाला आली आणि दुसऱ्या बाजूनं परत देठाला मिळाली. पिंपळाचं पान. कुठं कंप नाही, तुटणं नाही.

"आई," ती म्हणाली. "आई, बघ गं."

पण यमुनाबाई स्क्रीनकडं बघत नव्हत्या. त्या शिवमच्या गुडघ्याकडं बघत होत्या.

शिवमनंही खाली बघितलं. त्याचं उजवं बोट पँटवरून चाललं होतं. वर गेलं, वळलं, खाली आलं. तो चालवत नव्हता. दुखत नव्हतं. मुंग्या नव्हत्या. काहीच नव्हतं, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. कुणा दुसऱ्याचा हात आपल्या मांडीवर ठेवलेला असावा, तसा.

नीरजानं गोळा सोडला. बोट थांबलं.

"ज्यानं दिला, त्याचा हात चालतो," ती हळूच म्हणाली. "मी तुला दिला. आता तू मला दिलास."

"मग टाकून देऊ," शिवम म्हणाला. "फोडून टाकतो. कुणालाच नको."

यमुनाबाई आत निघून गेल्या, तिथून भांड्याचाही आवाज येईना. खिडकीबाहेर रिकामा टँकर मागं घेत होते, कुणीतरी ड्रायव्हरला शिव्या घालत होतं. नीरजा त्या पानाकडं बघत राहिली.

"आठ महिने," ती शेवटी म्हणाली. "आठ महिने मी विचार करतेय की मी आता कोण आहे." मग घाईनं म्हणाली, "पण तू म्हणतोस ते बरोबर आहे. फोड. तुझा हात आहे तो. तुझं पोट आहे त्याच्यावर."

शिवमनं हात उचलून तोंडासमोर धरला. बरा दिसत होता. आपलाच दिसत होता. त्याला जूनपर्यंतचे दिवस आठवले, खुर्ची आठवली. आणि समोर ते पान होतं, त्याला सात जन्मांत काढता आलं नसतं असं.

"दहा ते एक," तो म्हणाला.

"काय?"

"रोज दहा ते एक तू काम कर. मी दुकानात एकनंतर जाईन, डाव्या हातानं शिकायला."

"बद्रीभाऊ ठेवतील तुला?"

"ठेवलं तर ठेवलं. नाय ठेवलं तर ते माझं मी बघीन. तू त्यात पडू नको."

"शिवम, एखाद्या दिवशी तुला नको वाटलं तर मला सांगायचं. मी थांबेन."

"नाय सांगणार. ऐक. त्या तीन तासांत मी गाडी चालवणार नाय. जिना चढणार नाय. उजव्या हातात भरलेलं भांडं धरणार नाय, कुणाचं लेकरू धरणार नाय. खोलीवर बसून राहीन, हात गुडघ्यावर ठेवून. तू काय काढती ते बघत. तू बिनधास्त काढ, नीरजा. मी हात आवळणार नाय. शब्द देतो तुला."