सापळ्याचं नाव घ्यायचं नाही

काष्टीला आमच्या सासरी उंदराचा सापळा मांडला की त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. उंदीर ऐकतो म्हणे, आणि मग तिकडे फिरकत नाही. ऐकू दे की मेल्याला! पण लग्नाला वर्ष होत आलं तरी हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. सापळा कुठे मांडलाय, तेही नाही.

टायपिंगच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी पिठाच्या डब्याचं झाकण ज्वारीच्या कोठीमागे पडलं. काढायला हात घातला आणि खाडकन उजव्या हाताची दोन बोटं चेमटली. मी जिवाच्या आकांताने ओरडले. सर्टिफिकेट मिळालं की श्रीगोंद्याच्या पतसंस्थेत नोकरी पक्की होती, आणि इथे बोटं निळी पडून टम्म फुगली.

माझ्या सासूबाई गोजरबाई धावत आल्या आणि आधी सापळ्याकडे बघितलं. "आता न्हाई यायचा त्यो. लई बोंबललीस, रेश्मा."

"आत्याबाई, मला सांगितलं का नाही?"

"नाव घेत न्हाईत गं त्याचं."

हळद लावायला नवरा आला, तर त्याला विचारलं, "पार्थ, तुला माहीत होतं?"

"व्हय. आईनं खुनेनं दाखवलं हुतं. नानांनापन."

"मग मला खूण करायला तुझे हात मोडले होते?"

"तू बोलून बसशील, असं वाटलं आईला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक, आणि त्या स्वयंपाकघरात दिवसभर राबणारी मी तेवढी परकी! वर नाना, माझे सासरे, ओसरीवरून म्हणाले, "परीक्षा काय, पुन्यांदा दे." यांचं काय जातंय सांगायला!

"उद्याच देणार," मी म्हणाले. "आणि आजचा स्वयंपाक ज्यांना सापळा माहीत होता त्यांनी करायचा."

पार्थनं खिचडी करपवली. मी ती खाल्ली, राग मात्र उतरला नाही.

सकाळी पट्टी बांधून स्टँडवर उभी राहिले. पार्थ मागोमाग आला. ओळखीची माणसं बघून कानाशी पुटपुटला, "कुनी इचारलं तर दारात चेमटली म्हन. उगं घराचं नाव नको."

तेवढ्यात शेजारच्या बनुबाईंनी विचारलंच, "हाताला काय झालं गं?"

"सापळ्यात सापडला!" अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं मी ओरडले. "उंदराच्या सापळ्यात! मला सोडून घरात सगळ्यांना माहीत होता!"

पार्थ चपलेकडे बघत राहिला. एसटी आली. मी डाव्या हाताने दांडा धरून चढले. उरलेल्या आठ बोटांनी टायपिंग करायचं होतं.