पाण्यावरचा कॉम्प्युटर

नितीनला कुणी काम सांगितलं तर तो कधी नाही म्हणत नसे. ‘होईल’ म्हणत असे. त्या ‘होईल’चे किती दिवस होतात, हे जव्हारमध्ये ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून ग्रिल, गेट किंवा जिना करून घेतला होता, त्या सगळ्यांना पाठ झालं होतं. माणूस लबाड नव्हता. हातात कसब होतं, आणि कसब असलेल्या माणसाला वाटतं की काम काय, मनात आणलं की एका दुपारचं. मनात आणायचंच तेवढं राहून जातं.

धाकट्या भावालाही त्याने हेच सांगितलं होतं.

धनेश त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. नाशिकला कॉम्प्युटरचं शिकून परत आला, आणि गावी, दाभोशाच्या घरी, वीज धड टिकेना म्हणून नितीनच्या वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या खोलीत टेबल मांडून बसला. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करून पोटापुरतं सुटायचं. उरलेल्या वेळात तो एक सिनेमा करत होता, सगळा कॉम्प्युटरच्या आतच. त्यात दाभोसा होतं, नदी होती, भाताची खाचरं होती, आणि गोष्ट सांगायला धनेशचा स्वतःचा आवाज, घरच्या बोलीत. हे सगळं चाललं होतं ते एका माणसासाठी. दोघांची आई हौशी हिला वाचता येत नव्हतं, म्हणून तो तिच्यासाठी बोलून ठेवत होता. ‘पुरा झाला का दाखवीन,’ असं तिला सांगायचा. अर्धवट काम इंटरनेटवर टाकायला त्याचा जीव धजत नव्हता.

पण पत्र्याखाली कॉम्प्युटर तापायचा. चित्रं तयार व्हायला लागली की तासाभरात फटकन बंद. शेवटी धनेशने पाण्याचा उपाय काढला. मोटारीचं इंजिन थंड ठेवतात तशीच तऱ्हा: प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून बारक्या पंपाने पाणी फिरवायचं, आणि तापलेलं पाणी पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये गार करून परत आणायचं. सगळं सामान त्याने नाशिकहून जुनंच आणलं. नळ्या अगदी मापात कापल्या. अडलं ते एका गोष्टीपाशी. रेडिएटर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मावत नव्हता. वरचा पत्रा कापायला हवा होता. धनेशने काळ्या मार्करने पट्टी धरून पत्र्यावर चौकोन आखला आणि भावाला म्हणाला, “दादा, एवढी रेष कापून दे.”

“होईल,” नितीन म्हणाला.

होळीच्या आधी एकदा विचारलं, लग्नसराईत दोनदा, आणि आषाढात एकदा. त्या शेवटच्या खेपेला, आता होईलच म्हणून, धनेशने जुना पंखा काढून तांब्याचा ठोकळा बसवूनही टाकला. आषाढातच तो भाताच्या लावणीला घरी गेला. चिखलातून आला तो तापाने फणफणूनच. आधी जव्हारला, मग नाशिकला नेलं. आठव्या दिवशी तो गेला. तेवीस वर्षांचा होता.

त्याच्या फोनला लॉक होतं. नितीनने तो मोबाइलच्या दुकानात नेला. दुकानदाराने लॉक काढून दिलं, आणि त्याचबरोबर फोन आतून पुसून कोरा करून दिला. हौशीने तो घरी बराच वेळ कानाला लावून पाहिला. नितीनने तिच्या हातातून काढून घेतला तेव्हा तिने सोडला, पण त्या दिवसापासून नितीनने मनाशी गाठ मारली की धनेशची कुठलीही वस्तू आता परक्याच्या हातात द्यायची नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी धीर करून तो मागच्या खोलीत गेला आणि कॉम्प्युटर चालू केला. पडदा उजळला. निळ्या चित्रावर एकच फोल्डर होता आणि त्याखाली लिहिलेलं होतं, ‘आयेसाठी’. नितीनने माऊस हातात घेतला, बाण तिथवर नेला, आणि मशीन बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. पंखा काढलेला, पाणी फिरत नाही, मग दोन मिनिटांवर ते तग कसं धरणार? रेडिएटर बाहेर ठेवून नळ्या जोडाव्यात म्हटलं तर त्या पुरत नव्हत्या. धनेशने मोजल्या होत्या तशा बसवल्या तरच पुरणार होत्या. म्हणजे रेष कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

“तुषारला बोलवा की,” त्याची बायको सुनिता म्हणाली. बाजारपेठेत तुषारचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, धनेशची त्याच्याकडे ऊठबसही होती. “त्याला समजतंय त्यातलं.”

“मोबाइलवाल्यालाबी समजत होतं,” नितीन खेकसला.

खरं सांगायचं तर मोबाइलवाला हे निमित्त होतं. धनेशने हे काम तुषारला सांगितलं नव्हतं, दादाला सांगितलं होतं, आणि ते आता दादालाच करायचं होतं. मेलेल्या माणसाचं मागणं पुरं केलं की छातीवरचा दगड थोडा सरकेल, असं त्याला वाटत होतं. असं वाटण्यात काही चूक नाही. फक्त कॉम्प्युटरला ते कळत नाही.

दाभोशाला निरोप गेला. गुरुवारी जीपने ये, मी धनेशचं चालू करून ठेवतो. हौशीने फोनवर एवढंच विचारलं, “त्याचा आवाज मना ऐकाया मिळंल?”

“मिळंल, आये.”

बुधवारी सकाळी नितीनने गेटची दोन कामं बाजूला ढकलली, शटर अर्धं खाली ओढलं आणि कॅबिनेट बाकावर घेतलं. झाकण काढून तो आत बघत राहिला. सगळं जिथल्या तिथे होतं. तारा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या, एकेक स्क्रू नीट आवळलेला. तांब्याच्या ठोकळ्याच्या कडेला पांढऱ्या पेस्टचा डाग होता आणि त्यात धनेशच्या अंगठ्याची रेघ न् रेघ उमटून वाळली होती. आतलं सामान आधी बाहेर काढावं, हे त्याच्याही मनात आलं. स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाही. पण तो स्क्रू धनेशने आवळला होता. तो उलटा फिरवायला त्याचा हात उठेना. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून त्याने गोणपाट भिजवलं, घट्ट पिळलं, त्याखाली प्लास्टिक घातलं आणि सगळं सामान झाकून घेतलं. तान्ह्या पोराला पांघरूण घालतात इतक्या हलक्या हाताने.

मग त्याने ग्राइंडर चालवला. आयुष्यात एवढं सुबक त्याने काही कापलं नसेल. पातळ चाक लावून, कॅबिनेट आडवं धरून, म्हणजे लोखंडाचा भुसा आत न पडता बाहेर सांडेल, असं बेताबेताने चारही बाजूंनी. काळी रेष अर्धी कापली गेली आणि अर्धी शिल्लक राहिली, इतकं नेमकं. कानसीने कडा मारल्या, ब्रश फिरवला, ब्लोअरने उरलासुरला भुसा उडवला. रेडिएटर वरून ठेवून पाहिला तर अलगद बसला. धनेशचं माप एक सूतही चुकलं नव्हतं.

इथे थांबला असता तर चार नटबोल्टांत काम भागलं असतं. पण भोक पाडलेला पत्रा हलला, आणि ग्रिल करणाऱ्याला हलणारा पत्रा सहन होत नाही. भोक पाडलं की भोवती चौकट मारायची, चौकटीला वेल्डिंगचे टाके द्यायचे, हे त्याच्या हातात इतकं मुरलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे हे त्याला सुचलंही नाही. पातळ पट्टीची चौकट केली. मशीनचा करंट अगदी खाली आणला, कारण पत्रा कागदासारखा, भोसकं पडायला वेळ लागत नाही. अर्थिंगची क्लिप नेहमीसारखी जॉबलाच लावली, म्हणजे कॅबिनेटलाच. गोणपाट नीट आहे ना, ठिणगी कुठून आत जाणार नाही ना, हे तीनदा बघितलं. मग काच डोळ्यांपुढे धरून एकेक टाका दिला. सगळे मिळून आठ.

गोणपाट काढल्यावर आत ठिणगीचा एक काळा ठिपकाही दिसला नाही. नितीनला समाधान वाटलं. बऱ्याच महिन्यांनी वाटलं, म्हणून त्याला त्याची थोडी लाजही वाटली.

गुरुवारी हौशी पहिल्या जीपने आली. नवं नाही, पण धुतलेलं लुगडं नेसून. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसायला तयार होईना. ती धनेशची होती. सुनिताने स्टूल आणून दिलं. नितीनने बॅटरीच्या दुकानातून आणलेलं शुद्ध पाणी रेडिएटरवरच्या छोट्या टाकीत ओतलं, झाकण फिरवलं आणि बटण दाबलं.

पंप घुरघुरला. पाण्याने आधी एका नळीत शिरून बुडबुडे काढले, मग दुसरीत, आणि बघता बघता ते ठोकळ्यातून रेडिएटरमध्ये आणि परत असं फिरायला लागलं. वर पंखे गरगरले. कुठे थेंब गळला नाही. हौशी पाण्याकडे टक लावून बघत होती.

“आता बोलंल?” तिने विचारलं.

“थांब जरा.”

पडदा काळाच होता. नितीनने केबल काढून लावली, बटण बंद करून पुन्हा दाबलं. पाणी इमानेइतबारे फिरत होतं. पडदा काळा. असं तासभर चाललं. हौशी मांडीवर हात ठेवून बसून राहिली. शेवटी नितीन तिला म्हणाला, “वायर सैल हाय कुठंतरी. तू जीप चुकवू नको. चालू झाला का तुला बोलावतो.”

ती गेली, आणि तो कॅबिनेट उचलून थेट तुषारकडे गेला. तेव्हा मात्र परका आणि आपला हे काही मनात आलं नाही.

तुषारने झाकण उघडलं आणि तो पहिल्यांदा कामच बघत राहिला. “कटिंग काय सुंदर केलंय दादा,” तो म्हणाला. मग त्याची नजर चौकटीवर गेली. त्याने टाक्यावरून बोट फिरवलं. “हे वेल्डिंग कधी केलंत?”

“काल.”

“हे सगळं आत असताना?”

“झाकलं होतं. एक ठिणगी नाय जाऊ दिली.”

तुषारने बोट उचललं. मग खालच्या आवाजात, शाळेतल्या पोराला सांगावं तसं नव्हे, तर दवाखान्यात नातेवाइकांना सांगतात तसं त्याने सांगितलं. ठिणगीने काही होत नाही, दादा. करंट. क्लिप कॅबिनेटला होती, बोर्ड कॅबिनेटला स्क्रूने जोडलेला. सगळा करंट ह्यातूनच फिरला असणार. त्याने बोटाएवढी एक हिरवी पट्टी, कॉम्प्युटरची डिस्क, उपसून काढली आणि आपल्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. काही दिसलं नाही. दुसऱ्याला लावली. तिथेही नाही.

“ह्यात होतं?” नितीनने विचारलं.

“ह्यातच. नाशिकला एक जण जळालेल्यातून काढून देतो. पाठवून बघतो.”

नितीन उठला, आणि उठता उठता त्याने विचारायला नको होतं ते विचारलं. “कापायच्या आधी तुझ्याकडं आणला असता तं?”

तुषारने डोळे चुकवले. त्याला खोटं बोलता आलं असतं. पण वीस-बावीस वर्षांच्या माणसाला ऐन वेळी खोटं सुचत नाही. “ही एवढी डिस्क काढायची होती, दादा. एकच स्क्रू आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की पाच मिनिटांत सगळं दिसलं असतं. ते पाण्याचं वगैरे काहीच लागत नव्हतं.”

नितीनला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तो दुकानाच्या पायरीवर बसला. समोरून एसटी गेली, माणसं गेली, एका ओळखीच्याने गेट कधी होईल म्हणून हटकलं. नितीनने त्याला पहिल्यांदाच सांगितलं, “नाही होणार.”

नाशिकहून दहा दिवसांनी निरोप आला. आतली चिप जळाली होती. काही निघणार नव्हतं.

त्या दिवशी तो दाभोशाला गेला. हौशी अंगणात नागली पाखडत होती. वाटेत त्याने तिला सांगायच्या निरनिराळ्या गोष्टी जुळवल्या होत्या: कॉम्प्युटर जुना होता, विजेचा झटका आला, कंपनीचाच माल खराब निघाला. तिच्यासमोर उकिडवा बसल्यावर त्यातलं एकही तोंडातून बाहेर आलं नाही.

“आये, त्यातलं सगळं गेलं. मीच जाळलं.”

सूप थांबलं. “सगळा?”

“सगळा.”

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर नितीनला बरं वाटलं असतं. तिने सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. कोंबडी आली तिला हाकललं. नितीनने बाहीने डोळे पुसले तेव्हा तिने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क समजूत घालणारं काहीतरी होतं.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “तू नको रडू. मशीनच ती. तू तं दीड वरीस त्याच्या बाजूलाच होतास ना? तूच सांग मना. काय बोलत होता तो त्यात?”

नितीनने तोंड उघडलं. वर्कशॉप आणि मागची खोली यांच्यामध्ये एकच पत्रा होता. त्या पत्र्यापलीकडे दीड वर्षं धनेश तेच ते शब्द पुन्हा पुन्हा बोलून ठेवत होता, ते त्याला आठवत होतं. आवाजात खरखर येते म्हणून कधीकधी तो बाहेर यायचा, दहा मिनिटं ग्राइंडर बंद ठेव म्हणायचा, तेही आठवत होतं. ऑर्डर आहे रे, म्हणून आपण ग्राइंडर चालूच ठेवायचो, हेही. शब्द मात्र आठवत नव्हता. एकसुद्धा नाही. त्याने डोळे मिटून शोधला, आणि त्याला फक्त लोखंड कापल्याचा आवाज ऐकू आला.

“मना माहीत नाय, आये,” तो म्हणाला. “मी कधी ऐकलंच नाय.”

हौशीला ते खरं वाटलं नाही. तो आठवतोय असंच तिला वाटलं. सूप मांडीवर घेऊन ती त्याच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.