उघडं फाटक

राफेलाचा गुडघा नवा होता आणि अवार्का चपला जुन्या, टायरचा तळ लावलेल्या, तिच्या पायाचा आकार घेतलेल्या. तिचा मुलगा नोफ्रे याचे गुडघे त्याचे स्वतःचे, पण बूट कालच आणलेले, कोरे करकरीत. एस ग्राऊ गावाबाहेर घोडवाटेला लागताना दोघांत कोण लांब जाईल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

पैज नोफ्रेची होती. तो बार्सिलोनात लिफ्ट बसवायचा, आणि जगातल्या बहुतेक दुखण्यांवर लिफ्ट हाच उपाय आहे असं त्याचं मत होतं. आईच्या ऑपरेशननंतर त्याने माओ शहरात तिच्यासाठी लिफ्टवाली जागा बघून ठेवली. राफेला म्हणाली, "मी मळा सोडणार नाही." खूप वादावादी झाल्यावर शेजारच्या बेपसमोर ठरलं: किनाऱ्याकिनाऱ्याने फावारिचच्या दीपगृहापर्यंत चालत जायचं. पोचली तर मळ्यावर राहायचं, नोफ्रे पुन्हा चकार शब्द काढणार नाही. वाटेतून मागे फिरली तर माओ. राफेलाने तिथल्या तिथे हातावर हात मारला. एकदा हात मारला की तिचा शब्द फिरत नाही, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं.

"दमलीस तर सांग हं," नोफ्रे म्हणाला.

"तूही सांग. लाजू नकोस, आई आहे मी."

ती पुढे, तो मागे. सरकारने इथे निसर्ग उद्यान केलं, खांब रोवले, पण गायी होत्या तिथेच चरत होत्या आणि कुरणाकुरणाच्या मध्ये दगडी बांध आणि फाटकं होती. वाऱ्याने एका बाजूला भांग पाडलेली रानऑलिव्हची झाडं, आणि त्यांच्याच वाकड्या फांद्यांची ती फाटकं. राफेला प्रत्येक फाटकातून तरातरा जाई आणि मागे बघतही नसे. नोफ्रे थांबून कडी नीट लावून येई. शिस्तीचा माणूस.

गुडघा कुरकुरला तो चढावर. तिने त्याला दोन शब्द सुनावले आणि पुढे नेला. पायाखाली काळा पाटीचा दगड सुरू झाला, खाली समुद्र लखलखत होता, आणि वळण घेतल्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह समोर आलं.

"घोडामैदान जवळ आलं, बाळा," ती म्हणाली. "माओच्या लिफ्टमध्ये आता तूच बस वरखाली करत."

नोफ्रे हसला नाही. टाचेला फोड आल्यामुळे तो दगडावर बसला होता.

तेवढ्यात वारा पडला आणि मागच्या टेकडीपलीकडून हंबरणं ऐकू आलं. एक नाही, सगळा कळपच. राफेलाच्या कपाळावर आठी पडली. आयुष्यभर गायी राखून तिने त्यांच्या दुधाचं चीज बनवलं होतं. भुकेचं हंबरणं वेगळं, वासरासाठीचं वेगळं. हे तहानेचं होतं.

"हौदाजवळचं फाटक तू लावलंस?"

"सगळीच लावली. ते तर सताड उघडं होतं, कुणीतरी दोरीने बांधाला बांधून ठेवलेलं. लोकांना काही शिस्तच नाही."

"अरे शहाण्या, बांधून ठेवलेलं उघडं फाटक म्हणजे मुद्दाम उघडं! हौद एकीकडे, गायी दुसरीकडे. सापडलं तसं ठेवायचं असतं, हे मी तुला तू चालायला लागायच्या आधीच शिकवलं होतं."

नोफ्रेचा चेहरा उतरला. तो उठला, चार पावलं टाकली आणि लंगडत थांबला. "मी जातो."

"तू? तू पोचेपर्यंत त्या गायी म्हाताऱ्या होतील."

"आई, मागे फिरलीस तर हरलीस."

"ठाऊक आहे मला."

तिला लख्ख कळत होतं काय जातंय ते. पहाटेचं अंगण, गोठ्याचा वास, खिडकीतून दिसणारा समुद्र. फार वाईट वाटलं तिला. पण दीपगृहाकडे पाठ करून ती चालू लागली.

फाटकाशी तांबड्या गायी एकमेकींना रेटत उभ्या होत्या. तिने नाव ठाऊक नसलेल्या एकीच्या नाकावर थाप मारून तिला मागे सारलं, कडी काढली, फाटक ओढून दोरीने बांधाला बांधलं. गायींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची तोंडं हौदात गेली तेव्हा कुठे ती परत वळली.

नोफ्रे त्याच दगडावर होता. ती त्याच्या शेजारून, न थांबता, पुढे गेली. तो बूट हातात घेऊन अनवाणी मागे निघाला. आता तीच पुढे होती आणि तोच दमला होता.

दीपगृहापाशी बेप गाडीला टेकून उभा होता. "कोण जिंकलं?"

"मी हरले," राफेला म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "हौदाचं फाटक उघडायला मागे फिरले. हात मारला होता, शब्द म्हणजे शब्द. उद्या सामान बांधते."

बेपने नोफ्रेकडे पाहिलं. "म्हणजे तुझा सुंठीवाचून खोकला गेला की."

गाडीत मागे बसून नोफ्रे आपल्या टाचेकडे बघत राहिला.

"बरं, सोडू कुठे?" बेपने गाडी सुरू केली. "ती माओची जागा दाखवायची आहे का आज?"

"नको," नोफ्रे म्हणाला. "सकाळी तिला जिथून उचललंस, तिथेच नेऊन ठेव."

राफेलाने मान वळवली नाही. समोरच्या काचेतून बघत तिने नाक ओढलं, आणि बेपला खिडकी लावायला सांगितली, धूळ येते म्हणून.

मळ्याचं फाटक बंद होतं. नोफ्रे अनवाणी उतरला, त्याने ते उघडलं, गाडी आत जाऊ दिली. मग परत लावलं.