पुड्यावरचं कुंकू

बोरी अरबच्या स्टँडवर उतरलं की प्रेरणाला आई दिसायची. पानठेल्यावर, किराणा दुकानात, दोरीला टांगलेल्या पुड्यांवर: ‘शकुबाईची जवस चटणी’. शकुबाई जाऊन दोन महिने झाले होते, तरी ती तिथून लेकीकडे बघतच होती. खरं सांगायचं तर बघणारी ती नव्हतीच. पुड्यावरच्या बाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती. शकुबाईचं कपाळ मात्र प्रेरणाला कळायला लागल्यापासून रिकामंच होतं.

हे कुंकू प्रेरणाच्या भावाने, अतुलने, आईच्या फोटोवर यवतमाळच्या प्रिंटरकडे कॉम्प्युटरवर लावून घेतलं होतं. पहिला पुडा हातात घेऊन शकुबाईने विचारलं होतं, “हे कोन बाई होय?” सगळे हसले. तेव्हापासून ती पुडे भरायची ते पालथे ठेवून. का, ते कुणी विचारलं नाही.

आज दुकानात एक बाई पोरीच्या रुखवतासाठी चटणी घेत होती. “सवाष्णीच्या हातचं हाय, म्हनून हेच नेते,” ती दुकानदाराला म्हणाली. प्रेरणाच्या स्वतःच्या हळदीला आई मागच्या खोलीत कडी लावून बसली होती. पंगतीत चटणी मात्र तिचीच वाढली होती.

घरी अतुलने समोर साडी ठेवली आणि साडीवर कागद. आपल्याकडे बहिणी हक्कसोड करतात ते असंच. साडीचोळी घेतात, सही करतात आणि वर भावालाच आशीर्वाद देतात! या वेळी हक्क शेताचा नव्हता, नावाचा होता. नागपूरची एक कंपनी शकुबाईचं नाव आणि पुड्यावरचा चेहरा ट्रेडमार्कसकट विकत घेणार होती. ट्रेडमार्क आईच्या नावे होता, म्हणून आता तो दोन्ही लेकरांचा झाला होता.

“मशीन नको, जागा नको, त्यायले फक्त नाव पायजे,” अतुल कौतुकाने म्हणाला. “तू सही कर, झालं.”

“कोनाचं तोंड इकून राह्यला तू?”

“आईचं.”

“आईचं असन तर खरा फोटो लाव. मंग बोलू.”

“येडी झाली का? विधवेचं तोंड पाहून कोन घेते पुडा?”

“तिच्या हातचं खाल्लेलं चालते. तिच्या नावाचा पैसा चालते. तोंडच काहून चालत नाही?”

अतुलचा आवाज चढला. “सही नाही केली, तर माहेर तुटलं समज.”

भावावर प्रेरणाचा जीव होता, आणि ही धमकी पोकळ नव्हती हेही तिला कळत होतं. तिने साडी हलकेच त्याच्याकडे सरकवली. “तुटू दे, बाबू. जित्तेपनी तिले आपन मागच्या खोलीत बसवलं. मेल्यावर तिच्या जागी दुसरी बाई बसवायले माही सही भेटनार नाही.”

कंपनी मागे सरली. अतुलने बोलणं टाकलं. वकिलाने मध्ये पडून दोघांना निम्मा निम्मा व्यवसाय वाटून दिला, आणि प्रेरणाने आपले पुडे आईच्या खऱ्या फोटोने छापले.

पहिलाच खोका परत आला. दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. “ताई, लगनसराई हाय,” तो ओशाळून म्हणाला. “हे कपाळ समोर टांगलं का बाया हात लावत नाही. चटनी तीच हाय, मले ठाऊक हाय. पन जुनाच पुडा द्या ना.”

प्रेरणाने दिला नाही. दर बाजाराच्या दिवशी ती आता स्वतः दुकान मांडून बसते. जवसाच्या वासाने बाया थांबतात, हात पुढे करतात, फोटो बघतात आणि हात मागे घेतात. शकुबाई त्यांच्याकडे बघत राहते. एखाद्या दिवशी त्या गर्दीत तुम्हीही असाल. तेव्हा हात मागे घ्यायचाच असेल, तर तो तिच्या डोळ्यांत बघत मागे घ्या.