चित्राची बाजू

मंजुषानं सहाही डिस्का पाटावर मांडल्या. चकाकती बाजू खाली, चित्र वर. खाली धुतलेलं मऊ धोतर अंथरलं होतं, आणि एकेक डिस्क कडेनं धरून ती अशी टेकवत होती, जशी कोंबडीखाली अंडी ठेवावीत. पाटावर आधीच विळा होता, कात्री होती, हरिचंदचा पेचकस होता, कॉम्प्युटरचा कीबोर्ड होता. खंडेनवमी होती. ज्याच्यावर पोट भरतं, ते सगळं त्या दिवशी पाटावर येतं.

"ताई, माझ्या डिस्कांलाबी लावा," ती म्हणाली.

तिनं स्वतः लावायचं नाही, असं या घरात ठरलेलं होतं. विधवेनं कुंकवाच्या करंड्याला हात लावू नये, हे ठरवायला ब्रह्मदेव आला नव्हता. शिलानंच ठरवलं होतं. थोरल्या जावेला एवढं तरी ठरवता येतंच.

शिलानं हळद-कुंकू तेलात कालवलं आणि प्रत्येक डिस्कवर पाची बोटं ओढली. जरा जास्तच ओढली. तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं. हे देवाला ठाऊक, पण देवाला काय, त्याला सगळंच ठाऊक असतं आणि तो हूं की चूं करत नाही.

"नाक्यावर गेलीस की विसरू नकोस आमाला," शिला म्हणाली.

"काहून विसरंन? हिंगोलीहून तासाभराचीबी वाट न्हाई."

मंजुषाचा नवरा, धाकटा संतराम, मस्कतला वायरमन होता. तिथून त्यानं टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला, आणि वर्षभरात इथंच ट्रकखाली गेला. मूलबाळ नव्हतं. मागं राहिला डबा, या सहा डिस्का आणि मंजुषा. डबा कुठल्या वेगळ्याच कंपनीचा. त्याच्या डिस्का हिंगोलीत सोडा, नांदेडातही कुणी पाहिल्या नव्हत्या. मंजुषाच्या मामानं, मुंजाजीनं, कनेरगाव नाक्यावर धाब्याशेजारची आपली टपरी तिला देऊ केली होती. पोरं येतील, तासावर खेळतील, बाई आपलं आपण खाईल. फक्त मूळ डिस्का पोरांच्या तेलकट हातात द्यायच्या नव्हत्या. त्यांच्या कॉप्या काढायच्या, कॉप्या पोरांना, मूळ पेटीत. डब्यात कॉपी चालावी म्हणून संतरामनं तिकडूनच चिप बसवून आणली होती.

कॉप्यांचं काम घरातच होणार होतं. रस्त्याकडच्या खोलीत शिलाच्या नवऱ्याचं, हरिचंदचं दुकान होतं. लग्नाच्या कॅसेटी तो सीडीवर उतरवून द्यायचा. आदल्या संध्याकाळी त्यानं एक डिस्क आपल्या साध्या ड्राइव्हमध्ये सारून पाहिली होती. ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर फायली दिसल्या.

"हून राहिलं की," तो म्हणाला होता. "याला काही येगळं यंत्र लागत न्हाई. पर उद्या खंडेनवमी, उद्या यंत्राला हात लावायचा न्हाई. दसऱ्याला सकाळी बसतो."

भायासमोर, थोरल्या दिरासमोर, मंजुषा कधी दाराच्या आत येत नसे. ती चौकटीआड उभी होती, पदर डोक्यावर. शिलानं पाहिलं, तिनं चौकट घट्ट धरली होती आणि ती हसत होती. या घरात ती हसली की शिलाला काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटायचं.

कारण आतल्या खोलीत रुख्मिणीबाई होती. सासूची उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, जीभ मात्र शाबूत. दिवसातून चारदा कूस वळवायची, खालची चादर काढायची, धुवायची. हे सगळं मंजुषा करायची. ती गेली की ती चादर कुणाच्या हाती येणार, हे शिलाला सांगायला ज्योतिषी नको होता.

दसऱ्याच्या सकाळी हरिचंदनं दुकानातून हाळी दिली.

"डिस्का आणा गं. पर तो रंग काढून. कुंकू आत उडालं तर माझा ड्राइव्ह मरंल. कोरड्या ठण पाह्यजेत."

मंजुषा ओला फडका घेऊन न्हाणीत बसली. कुंकू तेलातलं, रात्रभर मुरलेलं. फडक्यानं ते जाईना, नुसतंच पसरलं.

"जाईना झालंय, ताई."

शिला भांडी घासत होती. तिनं हात थांबवला. कोनाड्यात साबण होता, काथ्या होता, आणि कढईची जळकी काढायची तारेची घासणी होती. तिचा हात आधी साबणावर गेला.

हात तिथं थोडा वेळ राहिला.

डिस्क कुठं जपायची, हे या घरात दोघांनाच माहीत होतं. दोन वर्षांमागं शिलानं दुकानातल्या एका डिस्कवर चिकटलेला कागद सुरीनं खरवडला होता, वरून, चित्राच्या बाजूनं. हरिचंदनं तिच्या कानाखाली असा आवाज काढला होता की रस्त्यावरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. "अक्कल हाय का? खालून ओरखडा गेला तर घासून निघतो. सगळं वर असतं, चित्राच्या खाली, कांद्याच्या पापुद्र्यावानी. वरून खरवडलं की मेली." तो कान अजून पावसाळ्यात ठणकायचा. बाकी दुनिया चकाकत्या बाजूला जपते. मंजुषाही जपत होती.

शिलानं तारेची घासणी उचलली.

"आण, मी काढून देते."

"राहू द्या ताई, तुमाला पुरणाचं बघायचंय. मीच घासते."

"बरं." शिलानं घासणी तिच्या हाती दिली. "पर खालची बाजू जप बरं का. धोतर अंथर खाली. चमक गेली की डिस्क गेली."

"व्हय, ते बराबर. ते बी हेच म्हणायचे."

मंजुषानं धोतराची घडी मांडीवर घेतली, त्यावर डिस्क ठेवली आणि घासू लागली. कुंकू निघालं. कुंकवामागं चित्रही निघू लागलं. लाल गाडी गेली, गाडीतला माणूस गेला.

"चित्र जाऊन राहिलं, ताई."

"जाऊ दे. चित्र का खेळायचंय?"

ती हसली. मंजुषाही हसली, आणि जोर लावून घासू लागली. कष्टाची सवय होती बाईला. शिला पुरण वाटत पाठमोरी बसली. वरवंट्याच्या आवाजात घासणीचा आवाज बुडत होता, म्हणून मध्येच ती वरवंटा थांबवून ऐकायची.

सहाही डिस्का मंजुषानं पदरानं कोरड्या करून दुकानात नेल्या आणि चौकटीशी उभी राहिली. हरिचंदनं पहिली आत सारली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. त्यानं ती काढली, दुसरी घातली, मग तिसरी. मग एक उचलून त्यानं रस्त्याच्या उजेडात धरली. उजेड आरपार आला. डिस्कची चाळणी झाली होती.

"कुणी घासल्या?"

"मीच, दादा."

"कशानं?"

"तारेनं. खाली पार जपलं मी. येक ओरखडा न्हाई खाली, बघा तुमी."

हरिचंदनं मान वर केली. मंजुषाच्या खांद्यामागं शिला उभी होती, हाताला पुरण. नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, बोलायची गरज नव्हती.

"ताईचा काही दोष न्हाई," मंजुषा घाईनं म्हणाली. "त्या तर करून देते म्हणल्या होत्या. मीच न्हाई म्हणले."

हरिचंदनं डिस्का एकावर एक रचल्या. आता त्या कशाही रचल्या तरी चालणार होतं.

"गेल्या या," तो म्हणाला. "मुंजाजीला निरोप धाडतो, टपरी दुसऱ्याला दे म्हणून."

मंजुषा रडली नाही. आतून सासू ओरडत होती, "मेल्या का गं समद्या? भिजलेय मी." ती पदर खोचून आत गेली.

दुपारी हरिचंद जेवायला बसला. शिलानं पोळी वाढली, तिच्यावर तूप सोडलं. त्यानं पहिला घास मोडला आणि बराच वेळ हातातच धरला.

"तिला दिवाळीला लुगडं घे," तो खाली बघत म्हणाला. "चांगलं घे."

"घेते की. मी कधी न्हाई म्हणलं?"

आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं. रंगसुद्धा तिच्या डोळ्यांपुढं आला होता.

आतून मंजुषाचा आवाज आला. "ताई, जरा हात लावता का? एकटीला कूस वळंना आज."

"आले, आले," शिला म्हणाली, आणि नवऱ्याशेजारी पाट ओढून तिनं आपलं ताट वाढून घेतलं.