क्रिस्पुलोचा डाग

"श्वास घे. धर. हं, सोड."

माना रोसेंदा पाटीला छाती टेकवून उभी होती. गावात सगळेच तिला माना, म्हणजे ताई म्हणतात. मी एक्स-रेची गाडी घेऊन फिलिपीन्समधल्या समार बेटभर फिरते; अर्ध्या बेटाच्या छात्या मी आतून पाहिल्यात. डॉक्टर बसतात लांब शहरात. इथं फोटो निघाला की कॉम्प्युटर स्वतःच तो वाचतो आणि जिथं क्षयाचा संशय येईल तिथं लाल रंग भरतो.

मानाच्या उजव्या फुफ्फुसात, वरच्या टोकाला, लाल उमटला. खाली एक वाकडी शेपटी. ही शेपटी मी कुठंतरी पाहिली होती. मानाच्या नवऱ्याचा, क्रिस्पुलोचा, मागचा फोटो काढून शेजारी लावला. तोच डाग, तीच शेपटी. आणि क्रिस्पुलोला पुरून कित्येक महिने झाले होते.

क्षय बहुतेकांना वरच धरतो, मी स्वतःला बजावलं. पाटी पुसली, पुन्हा फोटो काढला. शेपटी जागच्या जागी.

माना पडद्याकडे बघत होती. "आलेत म्हणजे," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मलाच कसंतरी झालं.

"कोण आलंय?"

"हे. दुसरं कोण? त्यांना पोचवून मी वाटेत कुठं थांबलेच नाही. सरळ घरी गेले."

माझ्या अंगावर काटा आला. कब्रस्तानातून आमच्याकडे कोणी थेट घरी जात नाही. बेकरीत पाव खा, टपरीवर कोक प्या, पण कुठंतरी टेकायचं. नाहीतर गेलेला माणूस पाठोपाठ घरात येतो. शेंबडं पोरसुद्धा हे पाळतं.

"चुकून गेलीस?"

"चुकून कशाला? एवढा संसार केला, आणि त्यांना तिथं एकटं टाकून मी कोक पीत बसू?"

"माना, हा क्षय आहे. थुंकी तपासू. सहा महिने गोळ्या घेतल्यास की जाईल."

"तेच तर. जातील." तिनं बाहेर ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या. "नकोत मला तुझ्या गोळ्या."

"मरशील अशानं."

"मरेन की. घाबरवतेस कोणाला?"

असा राग आला मला तिचा! पण हट्टाला पेटलेल्या बाईशी वाद घालून उपयोग नसतो. तिची नात मायलिन पायरीवर बसली होती, नऊ वर्षांची. आई कुवेतला घरकामाला, पोर आजीच्या कुशीत झोपणारी.

"हिचा तरी काढू दे."

"काढ ना. धडधाकट आहे ती."

मायलिननं शहाण्यासारखा श्वास धरला. पडद्यावर फोटो आला, आणि त्याच कोपऱ्यात लाल उमटला. पावट्याच्या दाण्याएवढा. त्यालाही शेपटी होती, वाकडीच.

माना पुन्हा गाडीत चढून पुढे आली, अगदी पडद्याला नाक लागेपर्यंत.

"हिला का?" तिनं विचारलं. मला नव्हे. "मी होते ना? हिला का धरलंत?"

तपासणीत दोघींनाही क्षयच निघाला. पुढच्या आठवड्यात मी गावच्या आरोग्यसेविकेला, वेनिंगला घेऊन मानाच्या घरी गेले. टळटळीत दुपार होती. मायलिननं तोंड वाकडं करत गोळ्या गिळल्या. माना मात्र आपल्या गोळ्या मुठीत धरून बसून राहिली.

"घे ना गं," वेनिंग म्हणाली. "पोरीनं घेतल्या बघ."

"थांब जरा."

माना उठली. तिनं दार सताड उघडलं आणि रिकाम्या खोलीकडे तोंड करून उभी राहिली. आवाज ठाम होता.

"अहो, निघा आता. लेकरू आहे घरात. मी येतेच मागून, सावकाश. पण तुम्ही निघा."

वेनिंगनं छातीवर क्रुसाची खूण केली. मी हसायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. उंबऱ्यात एक कुत्रं आडवं पसरलं होतं. ते उठलं, शेपूट पायांत घालून बाजूला सरकलं, आणि कोणीतरी पायऱ्या उतरून जाईपर्यंत थांबावं तसं थांबून पुन्हा जागेवर येऊन पडलं.

मानानं दार लावून घेतलं. मग गोळ्या तोंडात टाकल्या आणि रडत रडत पाणी प्यायली.